‘असर’ला जाऊन आले, त्याची हकिगत

जाण्याआधी मी मराठीत बरंच शोधलं होतं, की खेड्यातल्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या या ‘असर’ सर्वेक्षणात नेमकं करायचं काय असतं. ‘पाचवीच्या मुलांना दुसरीचं वाचता येईना’ छापाच्या बातम्या ढिगाने मिळाल्या. पण त्या मुलासमोर वाचनाचा कागद धरून जो बसतो त्याची काय अवस्था होते, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. पुढच्या खेपेला कुणी जाणार असेल तर उपयोग होईल, म्हणून आठवतंय तसं लिहून काढते.

मी तेव्हा डी.एल.एड.च्या (शिक्षक व्हायच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला होते. सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं, ‘असर’ला कोण कोण येतं? पहिल्या बाकावर बसायची खोड असल्याने माझं नाव आपोआपच लिहिलं गेलं. ‘असर’ म्हणजे ‘प्रथम’ संस्थेकडून २००५ पासून होणारं सर्वेक्षण, एवढंच तोवर ठाऊक होतं. शाळेत जाऊन परीक्षा घ्यायची असेल असं वाटलं होतं. तसं नसतं. घरोघर जायचं असतं. शाळेतल्या चाचणीला त्या दिवशी हजर असतील तेवढीच मुलं सापडतात; घरी गेलं की गैरहजर राहणारं, नाव नुसतं पटावर असलेलं, शाळा सोडलेलं, सगळीच सापडतात. जिल्ह्यातली तीस गावं, प्रत्येक गावातली वीस घरं. ३ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाची नोंद करायची आणि ५ ते १६ मधल्या प्रत्येकाला वाचायला आणि गणितं सोडवायला द्यायची. एका गावाला दोघं जण.

प्रशिक्षण ७ ते ९ ऑक्टोबर, सोमवार ते बुधवार. नवरात्र चालू होतं, त्यामुळे निम्म्या मुली उपवासाच्या. जेवणाच्या सुट्टीत केळी संपायची आणि पोळ्या उरायच्या. पहिला दिवस ऐकण्यात गेला, दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात सराव, तिसऱ्या दिवशी लेखी चाचणी. तिच्यात कमी पडलेल्यांना पुन्हा बसवून समजावलं. माझे गुण बरे आले, पण गावातल्या सरावात मी जो गोंधळ घातला तो चाचणीच्या कागदावर कुठे दिसणार!

वाचनाचा कागद सगळ्या इयत्तांना एकच असतो. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मूल पहिलीतलं असो की दहावीतलं, कागद तोच. सुरुवात अक्षरांपासून करायची असेल असं वाटतं ना? नाही. सुरुवात परिच्छेदापासून. तो वाच म्हणायचं. वाक्य वाक्यासारखं वाचलं, चुका तीनपेक्षा जास्त नाहीत, तर गोष्ट द्यायची. शब्द सुटे सुटे तोडून वाचले किंवा फार अडलं, तर शब्दांवर यायचं: कुठलेही पाच वाच, त्यातले चार बरोबर हवेत. तेही नाही जमलं तर अक्षरं, तिथेही पाचांतली चार. शब्द छान वाचले तर परत एकदा परिच्छेद देऊन बघायचा. शेवटी मूल जिथे सहज आहे त्या सगळ्यात वरच्या पायरीवर खूण. कुणाला पास करायचं नाही, नापासही करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं.

सरावाच्या गावात चौथीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला. बोट ठेवून वाचत होता. एकेक शब्द झाला की वर माझ्याकडे बघायचा, मग पुढचा शब्द. परिच्छेद संपला. मला वाटलं, वाह, जमलं की! मागून माझ्या जोडीला असलेल्या वर्गमैत्रिणीने माझा दंड चिमटला. बाहेर आल्यावर म्हणाली, “अगं, तू मान हलवत होतीस. त्याने बरोबर वाचलं की हो, चुकलं की तशीच थांबायचीस. तो कागद वाचतच नव्हता, तुझं तोंड वाचत होता.” शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईची ही खोड मोडायला मला तिथून पुढे पाच-सहा मुलं लागली. उपाय सांगते: मूल वाचत असताना तुम्हीही कागदावरच नजर ठेवा, आणि हातात पेन नको. पेन हललं तरी पोरांना कळतं.

आमच्याकडे ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी निम्मी दुनिया आहे, तर ती चूक धरायची का, असं मी प्रशिक्षकांना विचारलं. घरच्या बोलीचा उच्चार चूक धरायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसरा शब्दच वाचला किंवा शब्द गाळला, तर ती चूक.

मग दहा दिवस नुसती वाट. या दिवसांत दसरा झाला आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. तिचा आपल्याशी काय संबंध, असं तेव्हा वाटलं होतं.

शनिवार, १९ ऑक्टोबर. गाव बीड जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या घरी गेलो त्यांना तसा शब्द दिला आहे. एसटीला महिलांना अर्धं तिकीट, म्हणून मला ३५ रुपये लागले. फाट्यावरून काळीपिवळीचे २० रुपये, आणि तिथून पाऊण तास चालत. (प्रवासखर्च नंतर मिळतो, पण त्या दिवशी खिशात सुटे पैसे असू द्या. फाट्यावरच्या जीपवाल्याकडे पाचशेची मोड मिळत नाही आणि नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत.)

सर्वांत आधी सरपंचांना पत्र द्यायचं असतं. सरपंच म्हणजे ताई, पण बोलले त्यांचे मिस्टर. पत्र दोनदा वाचून म्हणाले, “आचारसंहिता चालूय. उद्या कोणी म्हनलं की ह्या पोरी अमक्याचा सर्वे करायल्यात, तर?” आम्ही परोपरीने सांगितलं की यात मताचा विषयच नाही. त्यांना पटेना. प्रशिक्षकांना फोन लावला. पहिल्या तासात लागलाच नाही. आम्ही मारुतीच्या पारावर बसून राहिलो. शेवटी त्यांचं बोलणं झालं आणि दीड तासाने “करा मग, पण फोटो काढू नका” अशी परवानगी मिळाली. फोटो आम्हालाही काढायचे नव्हतेच. ओळखपत्र गळ्यात आणि पत्राची एक जादा प्रत सोबत ठेवा. ती प्रत आम्ही दिवसभरात किमान सात जणांना दाखवली.

नंतर नकाशा. आधी गावभर फिरायचं, मग पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारत मातीत काडीने काढायचा, मग कागदावर उतरवायचा. देऊळ, जिल्हा परिषदेची शाळा, पाण्याची टाकी, पाटलाची गल्ली, बौद्धवस्ती. गावाचे चार भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातून पाच घरं घ्यायची. आजोबांनी सगळं सांगून काडी खाली टाकली आणि म्हणाले, “झालं, एवढंच गाव.” प्रशिक्षणात बजावलं होतं की ‘एवढंच’ म्हटलं की पुन्हा विचारा. म्हणून विचारलं, अजून कोणी कुठे राहतं का? तेव्हा बाजूला गाडी पुसत उभा असलेला टँकरवाला म्हणाला, “तांडा ऱ्हायला की आबा, टेकडीमागचा.” आबा म्हणाले, “तो काय गावात हाय का?” कागदावर तो गावातच होता. आमचा चौथा भाग म्हणजे तो तांडा.

घर निवडताना आपली मर्जी चालत नाही. भागाच्या मध्यावर जायचं, डाव्या हाताने चालत दर पाचवं घर घ्यायचं. घर म्हणजे चूल: एका वाड्यात तीन भाऊ तीन चुलींवर जेवत असतील तर ती तीन घरं. दाराला कुलूप असेल तर तशी नोंद करून लगेच पुढचं घर. घरात लहान मूल नसेल तरी ते घर वीसांत धरायचंच. पहिल्याच भागात आमचा हिशोब चुकला. गप्पांच्या नादात आम्ही सहावं घर धरलं, दोन घरं पुढे गेल्यावर लक्षात आलं, आणि परत मागे येऊन सगळं नव्याने केलं. ज्या काकूंचं घर चुकून धरलं होतं त्यांचा चहा आधीच पोटात गेला होता. त्यांना ‘तुमचं घर आमच्यात बसत नाही’ हे सांगताना फार लाजल्यासारखं झालं.

दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच यायचा: “लाडकी बहीणचं हाय का?” जुलैपासून ज्या बायका फॉर्म घेऊन फिरल्या त्या सगळ्या याच योजनेच्या, त्यामुळे विचारणाऱ्यांची चूक नाही. एका माऊलीने तर आधार कार्ड आणि पासबुक आधीच आणून ठेवलं. पैशाचं नाही म्हटल्यावर चेहरे पडायचे, आणि “लेकरांचं वाचन बघायचंय” म्हटलं की परत उजळायचे. आईबापांना हे बघायचं असतं, हे मला नवीन होतं. दिवसाढवळ्या मात्र घरी कोणी सापडेना. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, मोठी माणसं रानात, मोठी पोरंही रानात. शनिवारी संध्याकाळपर्यंत फक्त आठ घरं झाली. शेवटची गाडी गाठायची म्हणून निघालो. तुम्ही जाल तेव्हा सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, या दोन वेळा धरा. मधल्या उन्हात नकाशा आणि फॉर्मची तपासणी करा.

रविवारी पहाटे साडेपाचला घर सोडलं. या दिवसातली दोन घरं सांगते.

पहिलं घर गावठाणातलं. दोन चुलत बहिणी, एक पाचवीत, एक तिसरीत. मोठीने परिच्छेद वाचला, गोष्टही वाचली. धाकटी माझ्याशेजारी बसून ऐकत होती. तिची पाळी आल्यावर तिने तोच परिच्छेद धडाधड म्हणून दाखवला. आजी खूश, आई खूश. पण पोरीची नजर कागदावर नव्हतीच, माझ्यामागच्या भिंतीवर होती. वाचनाच्या कागदाचे चार वेगवेगळे नमुने का देतात ते मला तेव्हा कळलं. दुसरा नमुना काढला. पोरगी गप्प. मग बोट ठेवलं, पहिलं अक्षर म्हटलं, मग काना लावून म्हटलं, मग दोन्ही जोडून बघितलं. आई मागून म्हणायला लागली, “वाच की गं, आत्ता तर म्हनलीस!” मी आईला हळूच खुणेने थांबवलं. शब्द दिले. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, तिसऱ्याला जोडाक्षर नसूनही बराच वेळ घेतला पण बरोबर, चौथा चुकला, पाचवा बरोबर. पाचांत चार. परत परिच्छेद दिला, पहिल्या ओळीतच शब्द सुटे पडले. ‘शब्द’ या रकान्यात खूण केली. माझा हात तिथे दोन क्षण अडला होता, हे कबूल करते. तिच्या पाठांतराचं मला इतकं कौतुक वाटलं होतं की एक पायरी वर ढकलावीशी वाटत होती. उठताना पोरीने विचारलं, “ताई, मी पयली आले का?” तर ते तसं नसतं असं काहीतरी मी पुटपुटले. या प्रश्नाचं उत्तर घरूनच ठरवून जा. मला ऐनवेळी सुचलं नाही.

गर्दीचा त्रास मोठा. एका पोराला बसवलं की अंगणात पंधरा जमतात आणि सगळे मागून सांगतात. यावर आमचा तोडगा असा: एक जण चाचणी घेणार, दुसरी बाकीच्या पोरांना घेऊन लांब अंगणात चिंचोके खेळणार. वर्गमैत्रिणीने त्या दिवशी इतके डाव खेळले की सोमवारी पोरं तिला शाळेत नावाने हाक मारत होती.

दुसरं घर तांड्यावरचं. तिथे डाव्या हाताच्या नियमाने चाललो तर तिसऱ्याच वेळेला कुलूप. पुढचं घर, पुढे परत पाच मोजायची, परत कुलूप. उसाच्या तोडीला माणसं दिवाळीनंतर जातात असं मी धरून चालले होते. पण काही टोळ्या आधीच कर्नाटकात गेल्या होत्या. एका घरी नवरा-बायको, आजी आणि मुलगा सापडले. मुलगा चौथीत. दाराशी गाठोडी बांधलेली, कोयते गोणपाटात गुंडाळलेले. बाप म्हणाला, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, दिवाळी झाली की गाडी येईल. मुलगा आईशी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायचा, आमच्याशी मराठीत, आणि मराठीत बोलताना आवाज अर्धा व्हायचा. त्याने परिच्छेद वाचला. हळू, पण वाक्य धरून. चुका दोन. गोष्ट दिली. गोष्ट साधारण दहा ओळींची असते. पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत तो आला आणि मग एक शब्द गाळला, एक बदलला, मग थांबला. मी काही बोलले नाही. बोलायचं नसतं. ते थांबणं किती लांबतं म्हणून सांगू! बाहेर शेळी ओरडली, आजीने पान जुळवलं, आणि पोराने परत त्याच ओळीच्या सुरुवातीला बोट नेलं. ती ओळ नीट वाचली आणि शेवटपर्यंत गेला. हळू वाचण्याला हरकत नसते आणि स्वतःची चूक स्वतः सुधारली तर ती चूक नसते. ‘गोष्ट’ या रकान्यात खूण झाली.

आजी म्हणाली, “माझं बी बघ की.” तिला अक्षरांतली तीन ओळखता आली. फॉर्ममध्ये आजीसाठी रकाना नाही.

१४ ते १६ वयाच्या मुलांना त्या वर्षी मोबाइलचीही कामं होती: गजर लावून दाखव, अमुक माहिती शोध, अमुक व्हिडिओ शोधून पाठव. त्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की घरात चालू स्मार्टफोन आहे का आणि मूल तो आत्ता आणू शकतं का, हे आधी विचारा. अर्ध्या घरांत फोन बापाबरोबर रानात गेलेला असतो.

संध्याकाळी सव्वासहाला विसावं घर झालं. परतीची एसटी चुकली. दूधवाल्याच्या पिकअपमध्ये पुढे बसून फाट्यापर्यंत आलो. त्याने पैसे घेतले नाहीत. घरी येऊन फॉर्म तपासला तर एका मुलीचं वय लिहायचं राहून गेलेलं. मनाने भरायचं नाही, ही सक्त ताकीद. त्यामुळे सोमवारी शाळेत जायच्या आधी परत त्या घरी. म्हणून सांगते, प्रत्येक घराच्या उंबऱ्यावरच फॉर्म वरपासून खालपर्यंत दोघींनी वाचायचा. नंतर बघू म्हणायचं नाही.

सोमवारी, २१ ऑक्टोबरला, शाळा. गावातली एक सरकारी शाळा बघायची असते: पट किती, आज हजर किती (मुलं आपण स्वतः मोजायची), शिक्षक किती, पाणी, स्वच्छतागृह, पोषण आहार, पुस्तकं. चार वर्गांना दोन गुरुजी, त्यातले एक निवडणुकीच्या कामाला. दुसरे गुरुजी पहिली-दुसरीला एका खोलीत लिहायला लावून तिसरी-चौथीसमोर उभे. आमचं ओळखपत्र बघून म्हणाले, “या, दर जानेवारीला तुम्ही आमची अब्रू काढता.” हसत म्हणाले, पण म्हणाले. मग कपाटातून पायाभूत चाचणीची गुणपत्रकं काढून दाखवली. “हे बघा, आमच्या चाचणीत ह्या पोरीला मराठीला बरे गुण आहेत. तुमच्याकडं काय आलं?” ती पोर म्हणजे भिंतीकडे बघून म्हणणारी होती की दुसरीच कोणी, मी नाव वाचलंच नाही, कागद उलटा सरकवला. कोणाचं काय आलं ते सांगायचं नसतं. ते म्हणाले, “मग मला उपयोग काय याचा? कोणतं लेकरू कुठं अडलंय ते कळलं असतं तर उद्यापासून बसवलं असतं.” मला उत्तर नव्हतं. मी म्हणाले, हा वाचनाचा कागद सगळ्यांसाठी खुला आहे, त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतला मिळतो, तुम्हीच घेऊन बघा. त्यांनी तो पत्ता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. तांड्यावरच्या पोराबद्दल मात्र त्यांनी आपण होऊन विचारलं, “ते जानारेत का?” आई-बाप तोडीला गेले तर पोरगं मागे ठेवता येईल असं हंगामी वसतिगृह यंदा गावात कधी सुरू होतंय, त्याची ते वाट बघत होते.

फॉर्म जमा झाले. प्रशिक्षकांनी प्रत्येक घराची पानं समोर बसून तपासली, त्याला दोन तास लागले. झालं, सुटलो, असं वाटलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. काही गावांत फेरतपासणी होते, त्यात आमचं गाव होतं. तपासायला गेलेले सर म्हणाले, “तुमच्या अमुक नंबरच्या घराला कुलूप आहे. तुम्ही तर तिथे चौथीतलं मूल दाखवलंय.” माझ्या पोटात गोळा आला. खोटे फॉर्म भरणारे असतात, असं प्रशिक्षणात ऐकलं होतं. आता मीच त्यात की काय! मी गाठोडी, कोयते, आजी, शेळी सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे सर कोणाशी तरी बोलत होते. शेजारीण असावी. तिचा आवाज मला फोनवर ऐकू आला: “आल्त्या की दोन पोरी. पोराला वाचायला लावलं, म्हातारीला बी लावलं. गेली ती सगळी कारखान्याला.” सर म्हणाले, ठीक आहे, ठेवा.

सगळीच, म्हणजे पोरगंही.

२८ जानेवारी २०२५ ला अहवाल आला. देशातले ६०५ जिल्हे, १७,९९७ गावं, जवळजवळ साडेसहा लाख मुलं. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता. पाचवीत ३८.५ वरून ४४.८. आकडे चढले म्हणून पेपरांत कौतुक होतं, आणि अजून इतके कमी म्हणून ओरडही होती, दोन्ही एकाच पानावर. मी आणि वर्गमैत्रीण कॉलेजच्या संगणकावर पानं खाली सरकवत होतो. गावाचं नाव कुठेच नसतं, हे माहीत असूनही.

“गोष्टवाला पोरगा ह्यात असेल का?” ती म्हणाली.

“चौथीतला होता,” मी म्हटलं. “हे तिसरीचं आणि पाचवीचं आहे.”

तिने चौथीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.